खोट्या बक्षिसांची पारख

हल्लीं खेड्यापाड्यांतून बहुतेक प्रत्येक घरीं मोबाईल आहे, आणि त्याबरोबर व्हॉट्सॲप, फेसबुक, यूट्यूब हीं समाजमाध्यमेंहि शेतकऱ्याच्या घरांत आलीं आहेत. त्यांचा उपयोग मोठा आहे. हवामानाचा अंदाज, बाजारभाव, परभणीच्या कृषि विद्यापीठाचा सल्ला ही सर्व माहिती बांधावर उभ्या उभ्या समजते. परंतु ज्या वाटेनें हा लाभ येतो, त्याच वाटेनें एक नव्या तऱ्हेचा ठकहि घरांत शिरला आहे. "आपल्या मोबाईल क्रमांकास २५ लाखांचें बक्षीस लागलें आहे," "कंपनीच्या वर्धापनदिनानिमित्त ट्रॅक्टर मोफत," "पुढील पांच प्रश्नांचीं उत्तरें द्या व मोटारसायकल घेऊन जा," अशा मजकुराचे संदेश ठिकठिकाणीं फिरत असतात.

शहरांतील पगारदार मनुष्य फसला तर एका महिन्याचा पगार जातो. शेतकऱ्याचें तसें नाहीं. गंगाखेड तालुक्यांतील राणीसावरगांवाच्या बाजूस शेती बव्हंशीं पावसावर अवलंबून आहे, आणि सोयाबीन, कापूस, तूर यांच्या विक्रीचे पैसे वर्षांतून थोड्याच दिवसांत खात्यांत जमा होतात. त्याच पैशांत पीककर्जाची फेड, पुढचें बीं-बियाणें, मुलामुलींचें शिक्षण व घरचें कार्य हीं सर्व भागवावयाचीं असतात. तें खातें एका दुपारीं रिकामें झालें, तर केवळ एक महिना नव्हे, सबंध वर्ष बुडतें. म्हणून ह्या फसवणुकीची रीत व ती ओळखण्याच्या खुणा यांचा येथें जरा विस्तारानें विचार केला आहे.

ह्या रोगाचा फैलाव किती आहे, हें सरकारनें संसदेंत दिलेल्या आंकड्यांवरून कळेल. सर्व प्रकारच्या सायबर फसवणुकींत देशांतील लोकांनीं २०२३ सालीं सुमारें ७,४६५ कोटि रुपये गमावले; २०२४ सालीं हाच आंकडा सुमारें २२,८४५ कोटींवर गेला. बक्षिसाच्या फसवणुकी हा ह्यांतील एक भाग आहे. शिवाय लाजेनें ज्यांनीं तक्रारच केली नाहीं, त्यांची गणना ह्यांत नाहीं.

एक प्रसिद्ध नमुना

'कौन बनेगा करोडपती' हा दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम ३ जुलै २००० रोजीं सुरू झाला व अल्पकाळांत घरोघर पोंचला. त्याच्या लौकिकाचा फायदा घेऊन व्हॉट्सॲपवर गेलीं कित्येक वर्षें एक खोटा संदेश फिरतो आहे. त्यांत एक चित्र असतें. चित्रावर कार्यक्रमाचें नांव, अमिताभ बच्चन यांची छबी, एखाद्या बँकेचें चिन्ह व एक 'लॉटरी क्रमांक' असतो. सोबत ध्वनिमुद्रित निरोप येतो कीं, देशांतील मोबाईल क्रमांकांची सोडत काढली असून तुमच्या क्रमांकास २५ लाख रुपये लागले आहेत. पैसे मिळविण्यासाठीं अमुक 'बँक मॅनेजर'शीं बोला, परंतु साध्या फोननें नव्हे, व्हॉट्सॲपवरूनच बोला. ह्या संदेशांविषयीं दिल्ली पोलिसांनीं जाहीर इशारा दिलेला आहे. त्यांतील कित्येक क्रमांक +९२ ह्या अंकांनीं सुरू होतात. हा पाकिस्तानचा संकेतांक असून भारताचा +९१ आहे. अर्थात् +९१ नें सुरू होणारा क्रमांक म्हणजे सज्जनाचाच, असें मात्र कोणीं समजूं नये.

आतां खरें बक्षीस कसें मिळतें तें पहा. २०१९ सालीं अमरावती जिल्ह्यांतील बबिता ताडे यांनीं ह्याच कार्यक्रमांत एक कोटि रुपये जिंकले. त्या शाळेंतील मुलांसाठीं खिचडी शिजविण्याचें काम करीत. परंतु त्यांना तें बक्षीस मोबाईलच्या क्रमांकावर 'लागलें' नाहीं. त्यांनीं भाग घेतला, त्यांची निवड झाली, आणि सर्वांसमक्ष बसून प्रश्नांचीं उत्तरें दिल्यावर तें मिळालें. जो खेळलाच नाहीं तो जिंकेल कसा? न पेरलेल्या शेतांत पीक उभें राहिलें असें कोणीं सांगितलें, तर आपण त्यावर विश्वास ठेवीत नाहीं. बक्षिसाच्या बाबतींतहि तोच न्याय लावावा.

रक्कम वाढत कशी जाते

पुष्कळांस वाटतें कीं, फसणारा मनुष्य मूर्ख असतो. ही समजूत चुकीची आहे. ठकाची खरी युक्ति पहिल्या संदेशांत नसून पुढील हप्त्यांत असते. समजा, प्रथम 'नोंदणी शुल्क' म्हणून ८,००० रुपये मागितले. २५ लाखांपुढें ८,००० म्हणजे कांहींच नव्हे, असें ऐकणाऱ्यास वाटतें व तो पैसे पाठवितो. मग 'जीएसटी' म्हणून २०,००० मागितले जातात. ते न द्यावे तर आधींचे ८,००० बुडतात, म्हणून तेहि दिले जातात. त्यानंतर 'रक्कम मोकळी करण्याचा खर्च' म्हणून ४५,००० मागतात. प्रत्येक वेळीं मनुष्य मागितलेल्या रकमेची तुलना न मिळालेल्या २५ लाखांशीं करतो, गेलेल्या पैशांशीं करीत नाहीं. ह्या तीन हप्त्यांत ७३,००० रुपये गेले. २०२५-२६ च्या हंगामासाठीं सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. त्या भावानें हे सुमारें पावणेचौदा क्विंटल सोयाबीन झालें. हातचें सोडून पळत्याच्या पाठीं लागणें म्हणतात तें हेंच.

ह्याबरोबर दोन अटी हमखास घातल्या जातात. एक, "आजच्या आज करा, नाहींतर बक्षीस दुसऱ्यास जाईल". दुसरी, "कोणासहि सांगूं नका". पहिल्या अटीनें विचार करण्यास वेळ उरत नाहीं, व दुसरीनें शहाणपणाचा सल्ला देणारें माणूस दूर राहतें. घाई व गुप्तता हीं दोन्हीं एकत्र दिसलीं कीं, पुढें चौकशी करण्याचेंहि कारण नाहीं. फसवणूक आहे असें निश्चित समजावें.

ओळखीच्या हातून आलेली लिंक

दुसऱ्या प्रकारांत प्रथम पैसे मागत नाहींत. एखाद्या नामांकित कंपनीच्या वा सरकारी खात्याच्या नांवानें लिंक येते, ती उघडतांच चारपांच सोपे प्रश्न विचारतात, पडद्यावर कांहीं पेट्या दाखवून त्यांतील एक निवडावयास सांगतात, आणि आश्चर्य असें कीं प्रत्येकास बक्षीस लागतें! मात्र तें मिळण्यासाठीं तीच लिंक वीस जणांस किंवा पांच गटांस पाठवावी लागते. २०२१ सालीं ताज हॉटेलांत सात दिवस मोफत राहण्याचें आमिष दाखविणारा असा संदेश पसरला व तो खोटा असल्याचा खुलासा ताज हॉटेलच्या कंपनीस करावा लागला. २०२२ च्या एप्रिल महिन्यांत भारतीय टपाल खात्यानेंहि जाहीर केलें कीं, प्रश्नोत्तरें सोडवून सरकारी अनुदान मिळेल असें सांगणाऱ्या, खात्याच्या नांवाच्या लिंका बनावट आहेत.

ह्या युक्तींत मोठी खोंच आहे. लिंक अनोळखी माणसाकडून न येतां मेव्हण्याकडून, भावकींतून किंवा गांवच्या गटांतून येते, आणि "आपल्याच माणसानें पाठविली" म्हणून आपण ती उघडतों. परंतु पोस्टमन ओळखीचा आहे म्हणून पत्रांतील मजकूर खरा ठरत नाहीं. पाठविणाऱ्यानेंहि ती दुसऱ्याकडून आलेली पुढें ढकललेली असते. अशा लिंकेच्या पोटीं नांव, जन्मतारीख, आधार व बँकखात्याचा तपशील गोळा केला जातो, किंवा 'एपीके' नांवाची फाईल मोबाईलमध्यें घालावयास सांगतात. ही फाईल एकदां आंत बसली कीं, बँकेकडून येणारे गुप्त संदेशहि ठकास वाचतां येतात. पीएम किसान योजनेच्या नांवाच्या अशा फाईलीहि फिरल्या आहेत. म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली कोणतीहि एपीके फाईल, ती कोणाकडूनहि आली असली तरी, उघडूं नये.

नामांकित माणसाची छबी

"खुद्द त्यांच्याच खात्यावर लिहिलेलें आहे," किंवा "ते स्वतः व्हिडिओंत बोलत आहेत," हा पुरावाहि आतां पुरेसा नाहीं. १५ जुलै २०२० रोजीं ट्विटर ह्या माध्यमावर बराक ओबामा, बिल गेट्स, इलॉन मस्क अशा जगप्रसिद्ध माणसांचीं खरीं खातींच चोरट्यांनीं हस्तगत केलीं आणि त्यांवरून "आम्हांस बिटकॉइन पाठवा, आम्ही दुप्पट करून परत करूं" असें लिहिलें. खातीं अस्सल होतीं, त्यांवर खरेपणाची निळी खूणहि होती, आणि थोड्याच तासांत लोकांनीं १ लाख १८ हजार डॉलरांहून अधिक किंमतीचे बिटकॉइन पाठविले. पुढें ऑक्टोबर २०२३ मध्यें मिस्टर बीस्ट ह्या प्रसिद्ध अमेरिकन यूट्यूबवाल्याचा चेहरा व आवाज यंत्रानें हुबेहूब बनवून स्वस्त आयफोनची खोटी जाहिरात दाखविली गेली. तेव्हां चेहरा पाहून नव्हे, मागणी पाहून पारख करावी.

सरकारी योजना व बक्षीस यांतील भेद

आपल्या भागांत घोटाळा होण्याचें आणखी एक कारण आहे. महाराष्ट्र शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अवजारें, ठिबक, ट्रॅक्टर इत्यादींसाठीं अर्ज केलेल्यांची निवड कांहीं वर्षें संगणकीय सोडतीनें होत असे, व निवड झाल्याचा संदेश मोबाईलवर येई. २०२५-२६ पासून सोडतीऐवजीं प्रथम अर्ज करणाऱ्यास प्रथम प्राधान्य ही पद्धत आली. साहजिकच "तुमची निवड झाली" असा संदेश आला कीं शेतकऱ्यास तो खरा वाटतो. ठक ह्याचाच फायदा घेतात. 'पीएम किसान ट्रॅक्टर योजना' ह्या नांवाचें संकेतस्थळ खोटें असल्याचें केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयानें सांगितलें आहे, आणि कुसुम योजनेंतील सौरपंपाच्या नांवानें पैसे उकळणाऱ्या बनावट संकेतस्थळांविरुद्ध केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानें वारंवार सूचना दिल्या आहेत.

भेद ओळखणें कठीण नाहीं. खऱ्या योजनेंत आपण आधीं अर्ज केलेला असतो, निवडीची नोंद त्याच संकेतस्थळावर आपल्या अर्जाखालीं दिसते, तालुका कृषि कार्यालयांत त्याची खात्री करतां येते, आणि अनुदान खरेदीनंतर आपल्या खात्यांत येतें. अर्जाच्या वेळीं अल्प शुल्क असेल तर तें त्याच संकेतस्थळावर भरावयाचें असतें. निवड झाल्यावर कोणाच्या खाजगी मोबाईल क्रमांकावर पाठवावयाचें नसतें.

संकेतस्थळाचा पत्ता वाचण्याचीहि एक रीत आहे. सरकारी संकेतस्थळांचे पत्ते सामान्यतः 'गव्ह डॉट इन' किंवा 'निक डॉट इन' असे संपतात. पत्त्यांत आरंभींच्या जोड तिरप्या रेघा असल्यास त्या सोडून पुढें पहिली तिरपी रेघ येईल तेथपर्यंतचाच भाग घ्यावा व तो उजवीकडून डावीकडे वाचावा. 'गव्ह' हा शब्द मध्येंच कोठें तरी घातलेला असून शेवटीं भलतेंच कांहीं असेल, तर तें स्थळ सरकारी नव्हे.

बक्षिसास इसार नसतो

बैलबाजारांत लालकंधारी बैल घेतांना आपण त्याचे दांत पाहतों, खूर पाहतों, चार पावलें चालवून पाहतों, दोन जाणत्यांस विचारतों, आणि मगच इसार देतों. इसार देतो तो विकत घेणारा. ज्यास वस्तु फुकट मिळावयाची आहे त्यानें इसार कां द्यावा? सगळ्या परीक्षेचें सार ह्या एका प्रश्नांत आहे. बक्षीस देणारा आधीं पैसे मागूं लागला कीं तें बक्षीस नव्हे. त्या मागणीस नोंदणी म्हणा, कर म्हणा, विमा म्हणा, कस्टम म्हणा, नांवानें कांहीं फरक पडत नाहीं.

कराच्या बाबतींत पुष्कळ जण चकतात, म्हणून थोडें स्पष्ट सांगतों. लॉटरी वा स्पर्धेंत जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के दरानें प्राप्तिकर आहे, हें खरें. परंतु रोख बक्षीस १०,००० रुपयांहून अधिक असेल तर देणाराच तो कर कापून सरकारांत भरतो व उरलेली रक्कम विजेत्यास देतो. वस्तुरूप बक्षिसावरहि कर भरला गेल्याची खात्री देणाऱ्यानेंच करावयाची असते, आणि तो पैसा सरकारी खजिन्यांत विजेत्याच्या पॅन क्रमांकावर जमा होतो. कोणा मॅनेजरच्या यूपीआय खात्यांत नव्हे. "तुमचे पैसे रिझर्व्ह बँकेंत येऊन पडले आहेत" असेंहि सांगतात. रिझर्व्ह बँकेनें अनेकवार जाहीर केलें आहे कीं, ती कोणाहि व्यक्तीच्या नांवें असे वांटपाचे पैसे ठेवीत नाहीं.

दुसरी खूण यूपीआयच्या पिनची. पैसे देतांना पिन लागतो. घेतांना कधींच लागत नाहीं. एका व्यक्तीनें दुसऱ्या व्यक्तीस यूपीआयवरून 'पैसे द्या' अशी मागणी पाठविण्याची सोय राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळानें १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. परंतु क्यूआरचें चित्र पाठवून "हें स्कॅन करून पिन घाला, म्हणजे बक्षीस जमा होईल" असें सांगण्यास ठकास कोणी अडविलेलें नाहीं. पिन घातला कीं पैसा जाणार, येणार नाहीं, हें घरांतील लहानथोर सर्वांस पाठ असावें. ओटीपीचेंहि तसेंच, तो कोणासहि सांगावयाचा नसतो, बँकेच्या नोकरासहि नाहीं.

कायद्याची बाजू

बक्षिसाचा मोह नवा नाहीं, व त्यावर कायद्याचा लगामहि जुनाच आहे. पूर्वीं वर्तमानपत्रांतील शब्दकोड्यांवर मोठमोठीं बक्षिसें लावून प्रवेशशुल्क गोळा करण्याची लाट आली होती. तेव्हां १९५५ च्या कायद्यानें महिन्यास १,००० रुपयांहून अधिक बक्षिसांच्या अशा स्पर्धांस बंदी झाली. १९७८ सालीं बक्षीस-चिठ्ठ्या व साखळी पद्धतीच्या पैशाच्या योजना बंद करणारा कायदा झाला. १९९८ च्या कायद्याप्रमाणें लॉटरी केवळ राज्य सरकारलाच काढतां येते. आपली महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून चालू आहे, आणि तिचें तिकीट आपण स्वतः विकत घेतल्याखेरीज बक्षीस लागत नाहीं. तेव्हां मोबाईल कंपनीची किंवा व्हॉट्सॲपची लॉटरी ही वस्तुच कायद्यांत नाहीं.

दुसऱ्याचें सोंग घेऊन संगणक वा मोबाईलद्वारें ठकविणाऱ्यास २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ड कलमाप्रमाणें तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड होऊं शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमांत, फसवून मालमत्ता काढून घेण्यास सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे.

येथें तरुण मुलांस एक इशारा देणें अवश्य आहे. ठक आपल्या नांवाच्या खात्यांत पैसे घेत नाहींत. ते गरजू मुलांस थोडें कमिशन देऊन त्यांचें खातें, एटीएम कार्ड व सिम वापरावयास घेतात, आणि लुटीचा पैसा त्यांतून कांहीं मिनिटांत पुढें सरकवितात. पोलीस प्रथम येतात ते त्या खातेदाराच्या दारीं. म्हणून खातें कोणासहि भाड्यानें देऊं नये.

फसवणूक झाल्यास

पैसे गेले असें कळतांच एक क्षणहि न दवडतां १९३० ह्या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा. केव्हां, किती रुपये, कोणत्या खात्यावर गेले व व्यवहाराचा क्रमांक काय, एवढी माहिती हाताशीं ठेवावी. तेथून संबंधित बँकांस सूचना जाते, व पैसा पुढील खात्यांत पडून असेल तर तो तेथेंच अडविला जातो. एकदां तो काढून नेला कीं मग परत मिळणें फार कठीण. म्हणून येथें तासांना महत्त्व आहे. त्यानंतर आपल्या बँकेस लेखी कळवावें, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन ह्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी, आणि जवळच्या पोलीस ठाण्यांत किंवा परभणीच्या सायबर पोलीस ठाण्यांत जावें. संदेश, ध्वनिमुद्रणें व पावत्या पुसूं नयेत. तोच पुरावा होय. एपीके फाईल घातली असेल तर मोबाईलचें इंटरनेट तत्काळ बंद करून, दुसऱ्या फोनवरून बँकेशीं बोलून खातें गोठवावें. पैसे गेले नसले तरी संशयित संदेश वा फोन 'संचार साथी' वरील 'चक्षु' ह्या सोयींत कळवितां येतो. ती मार्च २०२४ पासून सुरू आहे.

पुढें कित्येकदां दुसरा ठक येतो. "तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतों, फक्त फी भरा," असें तो म्हणतो. त्यासहि तीच कसोटी लावावी.

सर्वांत मोठा अडथळा लाजेचा आहे. "लोक हंसतील" म्हणून मनुष्य घरींहि बोलत नाहीं, आणि त्या मौनांत अडविण्याजोगा पैसा निसटतो. शिवाय तोच संदेश शेजाऱ्याच्या घरीं जातो व तोहि फसतो. बोंडअळी एका शेतांत दिसली तर आपण ती लपवीत नाहीं, कारण ती उद्यां सर्व शिवारांत पसरणार हें आपणांस ठाऊक असतें. ह्या किडीचेंहि तसेंच आहे. जो फसला त्यास कोणीं हंसूं नये. त्यानें सांगितलें तर दहा घरें वांचतात.

म्हणून सभासदबंधूंस विनंति आहे कीं, सोयाबीन-कापसाच्या विक्रीचा हंगाम सुरू होण्यापूर्वीं प्रत्येक गांवीं एका सायंकाळीं चावडीवर किंवा सोसायटीच्या कचेरींत बसून हा विषय बोलावा, आणि ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांस व घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस तो समजावून द्यावा. १९३० हा क्रमांक दाराच्या आंतील बाजूस मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. व्हॉट्सॲपच्या गटांत बक्षिसाचा संदेश आला तर तो पुढें न पाठवितां तेथेंच "हा खोटा आहे" असें लिहावें. एवढें करण्यास कांहीं खर्च नाहीं, आणि एखाद्या घरचें वर्षाचें पीक त्यानें वांचेल.